गाइड रवीभाऊ, नाव आणि फोटोसकट

जळगाव स्टेशनावर उतरलेला पाहुणा कुठला, हे आमच्या शेजारचे रवीभाऊ त्याने तोंड उघडायच्या आत सांगतात. जर्मन आधी नकाशा उघडतो. पुणेकर आधी घड्याळ बघतो, मग रवीभाऊंना. सोळा वर्षं ते माणसं अजिंठ्याला नेतात. लेणीत शिरले की आवाज इतका खाली आणतात, की खिदळणारी पोरंसुद्धा कानात बोलू लागतात.

श्रावणाच्या तोंडावर एन्झो आणि पिएत्रो आले, इटलीतल्या सिएना नावाच्या जुन्या दगडी शहरातले. एन्झो हातांनी बोलतो, ऐकणाऱ्याने दोन पावलं मागे राहावं.

लॉजचा मॅनेजर म्हणाला, “दोन सिंगल देतो.”

“एकच डबल द्या,” रवीभाऊ म्हणाले. “जोडी आहे.”

“म्हणजे... भाऊ-भाऊ?”

“नाही हो, जोडी. तुम्ही अन् वहिनी जसे.”

मॅनेजरने किल्ली अशी पुढे केली, जणू चुलीतून काढली होती.

आपल्या गावी हे दोघेही गाइडच. समलिंगी प्रवाशांना सिएना दाखवतात. कुठल्या खानावळीत हातात हात घेऊन बसता येतं, कुठे नको, सगळं सांगतात. असे गाइड देशोदेशी आहेत. त्यांची नावं-फोटो एका वेबसाइटवर असतात, पण जळगावचं पान रिकामंच होतं.

“रावी, यू नो समवन? लाइक अस?” एन्झोने विचारलं.

“मीच,” रवीभाऊ म्हणाले. परक्यापुढे पहिल्यांदाच. पण फोटो दिला नाही. “आधी आईला सांगतो. तिला दुसऱ्याच्या मोबाइलवरून कळायला नको. ती नाही म्हणाली तर पान राहू द्या रिकामं.”

रविवारी घरोघरी खानदेशची श्रावणातली देवी कानबाई बसणार होती. मंदाअक्का, म्हणजे रवीभाऊंची आई, देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढत होत्या: घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. हा रोट भावकीबाहेर कुणाला देत नाहीत. अक्कांचे चुलतदीर पितांबरआबा पंचायत भरवल्यासारखे खाकरून एकेक नाव घेत होते. मी दारातच बसले होते.

रवीभाऊ समोर बसले. लेणीतला आवाज लावला.

“आई, भटू माझा नुसता मित्र नाही. आम्ही जोडीदार आहोत. आता हे नाव-फोटोसकट सगळ्यांना कळेल. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग.”

भटू धुळ्याच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात असतो. सात वर्षं दर शनिवारी एसटीने येतो.

अक्कांनी सुपातला एक खडा काढून फेकला.

“सात वरीसपासून तो आठे, आपला घरमा जेवस. माले काय दिखत नही का?” आणि पुन्हा मूठ भरली. “ही भटूनी.”

“वहिनी!” आबा उठलेच. “तो काय आपला भाऊबंद शे का?”

“आबा, तुमनी सून लगीनना आगोदर भाऊबंद व्हती का?”

“पण सुनेच्या नावाची मूठ कुठे घेतो आपण?”

“सुननी नही लागस. पन हाऊ गडीमाणूस शे. मूठ लागी ना!”

आबांना या हिशेबात कुठेच चूक सापडेना. शेवटी खाली बसून म्हणाले, “सव्वा मूठ म्हणजे सव्वा. वरची पाव राहिली.”

अक्कांनी ती टाकली. रवीभाऊंनी माझ्याकडे मोबाइल दिला. “काढ गं फोटो. आई, तूबी ये.”

“थांब,” अक्का म्हणाल्या, “लुगडं बदली येस.”