धुरातली ओ

त्या दिवशी मी ओसरीवर ज्वारी पाखडत होते. बीडच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला, "काकू, बाबा गेले." सूप तसंच मांडीवर राहिलं... दशरथभावजी, माझे धाकटे दीर. महिना होऊन गेला, तरी एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही बघा.

लिंबागणेशच्या बाजूच्या डोंगरावर ते वनमजूर होते. उन्हाळ्यात गवत वाळलं की वणवा ठरलेलाच. मग ही माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उतारावर ओळीनं पांगायची आणि आग झोडपायची. धुरात शेजारचा माणूस दिसत नाही, म्हणून एकमेकांना नावानं हाका मारायची. ओ आली तर ठीक. नाही आली, तर सगळ्यांनी तिकडं धावायचं. घरी आले की भावजी खोकत बसायचे, थुंकी काळी.

एका वर्षी खात्यानं रबरी मास्क दिले, दोन्ही गालांवर डब्या असलेले. मला केवढं हायसं वाटलं! पण पहिल्याच वणव्यातून भावजी आले ते मास्क गळ्यात लटकवून. गालांवर रबराचे वळ.

"तोंडाला लावायला दिलाय का गळ्यात मिरवायला?" मी म्हणाले.

"वैनी, आत घामाचं डबकं होतंय. श्वास तर हापशावानी वढावा लागतोय."

"वढा की! छाती तरी वाचंल."

"ते बी सोसलं आसतं. पण आतून ओ दिली तर भायेर नुसतं घूं घूं. गड्यांना वाटलं, दशरथ पडला. समदे माझ्याकडं पळाले अन् आग गेली वरच्या अंगाला!"

"मग शेजारच्याला सांगा तुमची ओ द्यायला."

"व्हय? मग म्या मेल्यावर बी देईल की त्यो!"

पुढं ते मास्क लावायचे, हाक आली की खाली ओढायचे, ओ द्यायचे, पुन्हा लावायचे. दर ओमागं घोटभर धूर. असे कितीतरी उन्हाळे गेले. मी भांडून भांडून दमले...

शेवटी दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लागला. तो मऊ होता, हलका होता. पण मी दारातून "भावजी" म्हटलं की त्यांचा हात आधी मास्ककडं जायचा. मास्क खाली, "ओ", आणि मग ती धाप. सिस्टर रागवायच्या. मग मी हाक मारणंच सोडलं. गुपचूप जायचं, पायावर हात ठेवायचा, बस.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. धाकट्या जावेकडं जायचं तर आधी भावजींची खोली लागते. परवा ती दचकली, म्हणाली, "आक्का, आवाज तर द्यायचा!" त्या दारापाशी आलं की तोंडात आलेली हाक मी अजून गिळते.