बागेतलं हळदीकुंकू
अत्तराचा वास आला की बारामतीतली आमच्या कॉलनीची बाग आठवते. तिथले दिवे कधीचेच बंद होते आणि क्लासहून येताना मी ती जीव मुठीत धरून ओलांडायची. नगरपालिकेत अर्ज देऊन सगळे थकले होते. त्या संक्रांतीला शेजारच्या काकूंनी हळदीकुंकू घरी न करता त्याच बागेत ठेवलं, तेही अंधार पडल्यावर, आणि नगरसेवकाच्या बायकोला आग्रहानं बोलावलं. काकूंना उलट कुंकू लावताना ती हसत म्हणाली, "काकू, नाकाला लागलं का काय? हितं कपाळबी दिसंना." काकूंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "व्हय वैनी. आमच्या पोरी रोज ह्याच अंधारातनं येत्यात. तेवढं मालकांच्या कानावर घाला." आठवड्यात दिवे लागले. आजही कुठल्या ऑफिसात तक्रार सांगताना माझी जीभ अडखळते, तेव्हा काकूंचा तो जराही न चढलेला आवाज मी आधी मनात ऐकून घेते.