आक्कांनी जोडलेली फीत

टेपरेकॉर्डर उघडण्याआधी आक्का कोपरापर्यंत साबणाने हात धुवायच्या. मग ओले हात वर धरून, खांद्याने दार लोटून आत यायच्या आणि मला बजावायच्या, "मास्तर, कशाला हात लावू नगा." आष्ट्यात त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. सांगलीच्या एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून राबून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण दवाखाना काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता.

टेप दुरुस्तीचा हा नाद लागला तो नवऱ्याच्या टेपरेकॉर्डरमुळे. फौजेतून त्यांनी आणलेला, खांद्याला अडकवून फिरायचा, जुना. ते गेले आणि काही वर्षांनी तोही मुका झाला. दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला." ते आक्कांना फार लागलं. त्यांनी स्वतःच तो उघडला, तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला. स्पिरिट आणि कापूस तर त्यांच्या हातचाच खेळ. आतलं सगळं लख्ख केलं. पण पुढे फीत ओढणारी रबराची चाकी निर्जंतुक करायची म्हणून त्यांनी चक्क उकळत्या पाण्यात टाकली! ती फुगून बसली. मला हसू फुटलं, तशा उखडल्या, "हसताय काय? मानूस असता तर मेला असता की माझ्या हातनं!"

दुसऱ्या मोडक्या टेपची चाकी मिळाली, बेल्ट मिळेना. तेव्हा दवाखान्यातल्या रबरी हातमोज्याच्या मनगटाची गोल कड कापून तीच चढवली. टेप चालला, पण गाणारी बाई पुरुषी आवाजात गाऊ लागली. करत करत हात बसला आणि लोक जुने टेप आणून देऊ लागले. त्यासरशी आक्कांची झोप उडाली. "उघडाया काय, कुनीबी उघडंल. मिटताना खरं कळतंय," असं म्हणत एकेक स्क्रू त्या पुन्हा पुन्हा तपासायच्या.

आमच्याकडे घरोघरी कुणी ना कुणी फौजेत. घरच्यांना पत्र वाचता येत नाही, म्हणून पोरं कॅसेटमध्ये बोलून ती सुटीवर येणाऱ्याबरोबर धाडायची. त्या उन्हाळ्यात सीमेवरच्या गोळीबाराच्या बातम्या रोज यायच्या. गल्लीतल्या हौसाबाईंचा संपत तिकडेच होता आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. एका दुपारी त्याची कॅसेट आली. हौसाबाईंनी घरच्या टेपवर लावली. "आये, मी बरा हाय" एवढंच नीट ऐकू आलं, पुढे नुसती घरघर होत फीत आत गुंडाळत गेली. टेप पदरात घेऊन बाई धावत आल्या. "आक्का, माजं पोरगं आत आडकलंय वं."

"मला न्हाई जमायचं, सांगलीला न्या," आक्का म्हणाल्या. पण हौसाबाई उंबऱ्यावरून उठेनात. शेवटी आक्कांनी हात धुतले. मी बॅटरीचा उजेड धरला. चिमट्याने फीत सुटत आली, पण मधला वीतभर तुकडा चाकीने पार चघळला होता. तो कापावाच लागला. टोकं चिकटपट्टीने जोडून आक्कांनी कॅसेट आपल्या टेपवर लावली. संपत बोलत होता, छपराचं, बहिणीचं. मग म्हणाला, "आये, मी येतोय..." आणि लगेच, "...तवर म्हस इकू नगं."

"कवा येतो म्हनला?" हौसाबाईंनी विचारलं. आक्कांनी फीत मागे नेऊन पुन्हा लावली, पण ते कापलेल्या तुकड्यातच गेलं होतं.

तेव्हापासून आक्का तो तुकडा ओल्या कापसाने सरळ करत बसायच्या. हौसाबाई सांगलीहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला दारात उभ्या. मी म्हटलं, "आक्का, सोडा आता." त्या म्हणाल्या, "तुमच्या हातनं तुटलं न्हाई, मास्तर."

थंडी पडल्यावर संपत आला. वाळलेला, पण हसतमुख. आक्कांना भेटायला आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी 'बस' म्हणायच्याही आधी विचारलं, "कवा येनार म्हनला हुतास रं?"

"गनपतीला."

"मग?"

संपतने दाराकडे पाहिलं. "गनपतीत दवाखान्यात हुतो, आक्का. लागलं हुतं. आयेला ठावं न्हाई, तुमीबी सांगू नगा. गनपती ऐकलं आसतं, तर मी आलो न्हाई म्हनून तिनं हाय खाल्ली आसती. बरं झालं तेवढंच तुटलं."

आक्कांच्या हे कानावर पडलं की नाही, कळलं नाही. "शर्ट काढ," त्या म्हणाल्या. बरगडीखालच्या व्रणावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"टाकं चांगलं घातल्यात," एवढं म्हणाल्या आणि मटकन खाली बसून हमसून हमसून रडू लागल्या.