तात्यांनी न काढलेल्या खाचा

तात्या गेल्याचं त्यांच्या मुलाने, संजयने, फोनवर कळवलं तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. मंगळवारची सकाळ होती. "बाई, तात्या गेले. म्हशीला पेंड घालायला म्हणून गेले ते तितंच बसले," एवढंच तो म्हणाला. अशी बातमी ऐकल्यावर मनात पहिल्यांदा काय यावं हे आपल्या हातात नसतं, असं गेला दीड महिना मी स्वतःला समजावते आहे. माझ्या मनात आलं ते हे, की आता उरलेल्या तेरा खोट्या गोष्टी कोण काढून देणार? दुःख नंतर आलं... त्यांच्या गावी, डाळजला जाताना, एसटीत, भिगवणच्या अलीकडे कुठेतरी.

हे नीट सांगायला हवं. बारामतीच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर लोकांना पुस्तकं लिहून देते. कुणाचं आत्मचरित्र असतं, कुणा संस्थेची स्मरणिका असते. पुस्तकावर नाव त्यांचं असतं, आत बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून माझं, आणि पुष्कळदा तेही नसतं. तात्या डाळजचे. घराणं मेंढरं राखणारं. ते स्वतः शाळा शिकून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर झाले, आणि बैलांच्या खांद्यांवरच्या, गाईंच्या खुरांतल्या जखमा धुण्यात, त्यांना मलमपट्टी करण्यात त्यांची नोकरी गेली. लहानपणी मेंढरांमागे जी पायपीट केली ती पुस्तकात यावी, नातवंडांना वाचता यावी, आणि त्यात एक अक्षर खोटं नसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून ते आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि घर न्याहाळत राहिले.

"नाव कुणाचं येणार?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच."

"आन् तुमचं?"

"नाही आलं तरी चालेल."

मला वाटलं, हे ऐकून ते सैल होतील. ते आणखी आवळले गेले. "न्हाय आलं तरी चालंल म्हंजी? येवढं लिवायचं आन् नाव नगं? मग ह्यात तुमचं काय हाय, बाई?" मला लिहायला आवडतं, असं मी सांगितलं. "आवडतं तर सोताचं लिवा की," ते म्हणाले. 

दर गुरुवारी दुपारी ते भिगवणहून एसटीने यायचे. मी बोलणं टिपायला फोन समोर ठेवला की शेजारी ते आपला फोन ठेवायचे. "तुमचं बी चालू ऱ्हाऊ द्या, माझं बी चालू ऱ्हातंय." मी लिहून दिलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी ते सही करायचे, खरेदीखताच्या पानांवर करतात तशी, शेवटच्या ओळीला चिकटून, खाली मला आणखी काही घुसडता येऊ नये म्हणून. सुरुवातीला मला हसू यायचं. मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या वडिलांकडे एकदा एक शिकलेला माणूस आला होता. तीन दिवस राहिला, मटण-भाकरी खाल्ली, म्हाताऱ्याच्या सगळ्या गोष्टी उतरवून घेतल्या. पुढे त्याचं पुस्तक निघालं आणि त्यात तो स्वतःच मेंढरांमागे चालला होता. "आमच्या बापाचे पाय लावून चाललं त्ये," तात्या म्हणायचे. हे ते रागाने म्हणत नसत. एखाद्या जनावराला काय झालं होतं ते सांगावं, तसं सांगत.

मी चोरी करणार नव्हते, याची मला खात्री होती. तरी एक गोष्ट मी केली, आणि ती इथे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आठवं प्रकरण त्यांच्या आईचं होतं. आईबद्दल ते तीनच वाक्यं बोलले. "आईचा आवाज मला आठवत न्हाय. ती फुडं चालायची, मी मागं. तिची पाठ आठवतीय." मी पुन्हा पुन्हा विचारलं, पण पुढे काही निघालं नाही. आत्मचरित्रात आईवर तीन वाक्यं... वाचक काय म्हणतील, असं मला वाटलं. वडगाव निंबाळकरला आमच्या घरी माझी आई तांदूळ निवडताना ओठ न हलवता काहीतरी गुणगुणत असे. ती मी तात्यांच्या आईला देऊन टाकली. तांदळाच्या जागी लोकर घातली, एवढाच बदल. आवाज आठवत नसल्याचं वाक्य त्यात बसेना, म्हणून ते काढलं. प्रकरण सुंदर झालं. तात्यांनी ते वाचलं, तळाशी सही केली, आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

मलाही त्यांचा संशय येऊ लागला होता. मोरगावच्या बाहेर मेंढरं पाण्यावर नेली, तिथे चिंचेखाली एका बाईने त्यांना भाकरी दिली, असं एका प्रकरणात होतं. त्यांनी तसं सांगितलेलं माझ्याकडे रेकॉर्ड होतं. पण एकदा चहा पिताना सहज बोलण्यात ते "त्या लिंबाखालची बाई" असं म्हणून गेले. चिंचेचा कडुलिंब झाला, तर बाई तरी खरी कशावरून? भाकरी तरी? मला झोप लागेना म्हणणं जास्त होईल, पण चैन पडेना. शेवटी मी मोरगावला गेले. शेळ्या राखत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चिंच? अवो बाई, हितं चिंच कवाच न्हवती. लिंब व्हता, त्यो बी पडला."

पुढच्या गुरुवारी मी तात्यांसमोर ते पान ठेवलं. वाटलं होतं, ओशाळतील. त्यांचा चेहरा उजळला.

"घावली व्हय? बरं झालं. बाई नुसतं लिवत न्हाईत, वाचत्यात बी."

मग त्यांनी सांगितलं. कोकरू थोडं मोठं झालं की त्याच्या कानाला खाच मारतात, प्रत्येक घराची खाच वेगळी. तशी त्यांनी प्रत्येक प्रकरणात एक खोटी गोष्ट घातली होती. कुठे झाड बदललं होतं, कुठे नाव, कुठे आकडा. मी त्यांच्या गोष्टी दुसरीकडे कुठे वापरल्या असत्या तर त्या खाचेवरून त्यांनी आपलं मेंढरू ओळखलं असतं. चौदा प्रकरणं, चौदा खाचा. छापायला देण्याआधी त्या ते स्वतः काढून देणार होते.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला चोर समजत होतात," मी म्हणाले.

"चोर न्हाय वो. पाण्यावर चार घरची मेंढरं एक व्हत्यात. कोण चोरतंय त्यात? पर सांजच्याला आपलं आपल्याला वळकाया नगं?" आणि पान माझ्याकडे सरकवत, "आन् तुमी मोरगावाला गेला व्हता, त्ये काय देवदर्शनाला?"

मी ते पान उचलून ठेवू लागले. तेवढ्यात त्यांनी आठवं प्रकरण काढलं. "ही आई कुणाची, बाई? म्या म्हणलं आवाज आठवत न्हाय, आन् तुमी तिला गायला लावलं."

"माझी," मी म्हणाले.

"व्हय ना."

"मग सही का केलीत?"

"बगायचं व्हतं, कवा सांगताय."

त्यांनी मला मोरगावच्या आधी पकडलं होतं, आणि कितीतरी गुरुवार ते माझ्यासमोर बसून वाट पाहत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी ते दुसरा कप चहा घेऊन उठले. "फुडच्या बेस्तरवारी तुमी तुमचं काढा, मी माझं काढतो. मग छापू." पायऱ्या उतरताना ते हसत होते, एवढं आठवतं. तो गुरुवार यायच्या आत संजयचा फोन आला.

तेराव्यानंतर मी सगळी पानं घेऊन डाळजला गेले. पुस्तकाचं काय, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. खाचांसकट छापावं तर नातवंडांच्या हातात खोटं जाणार, न छापावं तर तात्यांची दोन वर्षं फुकट. संजयने त्यांच्या फोनमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं, पण त्याचा उपयोग नव्हता. खाचा बोलण्यातच होत्या. मग तात्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, त्या म्हणाल्या, "वाचा. म्या ऐकते. ह्येंच्या तोंडून बरंच ऐकलंय म्या." चार दुपारी मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. आक्का भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत. मध्येच हात वर करत.

"थांबा. कुत्रं पांढरं न्हवतं, बांडं व्हतं, काळंपांढरं." मी खूण केली. "थोरल्या दिरांना पाच पोरं? तीन. बगा, लबाडानं भावाची पोरं बी वाढवली." संजय हसला, मग आक्काही हसल्या, आणि मग पदराने तोंड पुसत बसल्या. मी पान उलटलं नाही. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "चला फुडं." एकदा मला शंका आली, या आक्का तरी सगळं खरंच सुधारतायत कशावरून... पण ती मी गिळली. दोन वर्षांत तात्यांचा गुण मला लागला होता.

मोरगावचं झाड धरून अकरा खाचा सापडल्या. तीन प्रकरणांतली खाच सापडली नाही. कोकणात उतरतानाचं एक, दवाखान्यातल्या पहिल्या दिवसाचं एक, आणि आठवं. त्यातलं बरंचसं आक्का या घरात येण्याआधीचं होतं, आणि तात्या त्याबद्दल घरी बोलत नसत. "सासू म्या बघितलीच न्हाय. लगनाच्या आदीच गेली ती," त्या म्हणाल्या. संजयचं म्हणणं पडलं, ही तीन प्रकरणं गाळावीत. खोटं असेल तर तात्यांना आवडलं नसतं. आक्कांनी डोळे उघडले. "गाळायचं न्हाय. खोटं असंल तर त्ये बी त्येंचंच हाय. बाईंचं न्हाय, तुजं न्हाय. ऱ्हाऊ दे." मग सुरुवातीला एक छोटी टीप घालायची ठरली, की या तीन प्रकरणांत प्रत्येकी एक गोष्ट खरी नाही, आणि ती कोणती हे सांगणारा आता नाही.

गेल्या आठवड्यात पुस्तक छापायला दिलं. माझं नाव त्यात कुठेही नाही, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं तसं. आठव्या प्रकरणातून मी माझी आई काढून घेतली. तिच्या जागी त्यांची ती तीन वाक्यं, ते बोलले होते तशी, परत ठेवली. त्या वाटेबद्दल ते जे बोलले तेवढं धरून प्रकरण आता दीड पानाचं झालं आहे. चालण्याची दिशा आहे, पुढे जाणाऱ्या आईची पाठ आहे, बाकी फारसं काही नाही. त्यातली खाच शोधत मी ते दीड पान रोज वाचते, आणि रोज पहिल्याच वाक्याशी थांबते. 'आईचा आवाज मला आठवत न्हाय.' हे खरं असेल, तर माझ्या हातून त्या माणसाच्या आईच्या तोंडी एक परका आवाज घातला गेला होता, आणि तो मी वेळेवर काढला. पण हीच खाच असेल, तर तात्यांना तो आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता... आणि त्यांनी तो मला दिला नाही.