गोलकीपरची डबी

चष्म्याचा नंबर डॉक्टर काढत, पण मुलाला लेन्स द्यायची की नाही हे मागच्या खोलीतल्या मावशी ठरवत. तसं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. डॉक्टर डोळे तपासून म्हणत, "डोळ्यांची काही हरकत नाही. मावशींची आहे का बघा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारत.

मागच्या खोलीत एक बेसिन, दोन खुर्च्या आणि टेबलावर गोल आरसा. दवाखान्यात येण्याआधी मावशींनी अकरा वर्षं बालवाडीत काढली होती. "हात धुतलेस का?" या प्रश्नाला मुलं किती तऱ्हांनी 'हो' म्हणतात, हे त्यांना तिथेच कळलं. त्या स्वतः जाड भिंगांचा चष्मा लावत. "तुम्ही का नाही लेन्स वापरत?" असं कुणी विचारलं की सरळ सांगत, "मला भीती वाटते बाई. डोळ्यात बोट घालायचं म्हणजे काय!"

वयाचं विचारलेलं मात्र त्यांना खपत नसे. "नऊ वर्षांच्या एकीला दिल्यात, आणि एकोणीस वर्षांच्या घोड्याला परत पाठवलाय. त्याची नखं बघितली असतीत तर तुम्हीही पाठवला असतात."

त्यांची परीक्षा चौदा दिवसांची. मुलाला लेन्सची रिकामी डबी, द्रावणाची बाटली आणि चौदा चौकोनांचं एक कार्ड मिळे. रोज संध्याकाळी हात धुवायचे, कोरडे करायचे, डबीतलं जुनं द्रावण ओतून नवं भरायचं, झाकणं लावायची आणि कार्डावर खूण करायची. डबीत लेन्स नसेच. नळाच्या पाण्याचा एक थेंब जरी आत गेला, तरी नापास.

त्या मंगळवारी कार्ड घेऊन जी मुलगी आली, ती अकरा वर्षांची होती आणि शाळेच्या संघात गोलकीपर व्हायला निघाली होती. चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधलेलं. चेंडू जवळ आला की चष्मा वाचवायला तिची मान आपोआप वळायची, आणि त्याच बाजूने गोल व्हायचा. निवड शनिवारी होती.

बरोबर वडील होते. ते गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि सतरा वर्षांत तो पाय इतका तयार झाला होता, की खुर्चीत बसल्यावरही फरशी दाबत राही.

"चौदाच्या चौदा!" त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "एक दिवस चुकला नाही. बघा तुम्ही."

मावशींनी चष्मा कपाळावर चढवून कार्ड पाहिलं. चौदा सुबक खुणा. "वा. पहिला नंबर की काय!"

मुलगी डबीच्या झाकणावरून अंगठा फिरवत होती.

"काय गं, तोंड का पाडलंस? पास झालीस की."

"त्यातल्या तीन माझ्या नाहीत."

वडिलांचा पाय फरशीवर दाबला गेला. "अगं, काय बोलतेस?"

"सहावा, नववा आणि दहावा. मी सरावाहून आले आणि झोपून गेले. सकाळी बघते तर खूण केलेली. आणि बाबा, झाकण तू लावलंस की कुणाच्या बापाला उघडत नाही. मला दोन्ही दिवस पकड लावून उघडावं लागलं."

"तीन रात्री, आणि दोन दिवस?" मावशींनी विचारलं.

"एकदा आईने उघडून दिलं."

वडील कानापर्यंत लाल झाले. "म्हटलं, एवढ्यावरून पोरीचा हिरमोड नको. शनिवारी निवड आहे हो तिची. मनाने चांगली आहे, फक्त झोप लवकर लागते."

"अहो सर, तुम्ही शिकवता तेव्हा लायसन्सची परीक्षा पण तुम्हीच देता का पोरांच्या वतीने?"

"नाही. पण ब्रेक मारतो."

मावशींना हसू आलं, ते त्यांनी कार्डामागे लपवलं. मग त्या मुलीकडे वळल्या. "तुला माहीत होतं ना, हे सांगितलंस तर शनिवार हुकेल?"

"हो." तिचा आवाज बारीक झाला होता. "पण तुम्ही नंतर पकडलंच असतं."

"नसतं पकडलं. मला काही कळलं नव्हतं."

मुलीने तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. फुकट सांगितलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं.

"हे बघ," मावशी म्हणाल्या, "विसरतात सगळे. उद्या डोळा चुरचुरला आणि खेळायला मिळणार नाही म्हणून तू गप्प बसलीस, तर मी काय तुझ्या घरी येऊन बघणार आहे? मला सांगणारी मुलगी पाहिजे. जा, हात धू."

"म्हणजे?"

"म्हणजे हात धू. साबणाने. आणि पँटला पुसशील तर बघ!"

पुढचा पाऊण तास वडिलांनी फार कष्टात काढला. मुलीचं बोट डोळ्याजवळ गेलं की त्यांचा पाय खाली. लेन्स कधी पापणीला चिकटली, कधी गालावर उतरली, एकदा बेसिनच्या काठावर पडली आणि मावशींनी ती थेट कचऱ्यात टाकून दुसरी काढली. बाराव्या खेपेला उजवी बसली, मग डावीही. मुलीने डोळे मिचकावले, आरशाकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं.

"बाबा, तुझ्या नाकात केस आहेत!"

"दिसायला लागलं वाटतं," मावशी म्हणाल्या. "आता काढून दाखव. तीनदा काढल्याशिवाय ही खोली सोडायची नाही."

तिने दोन्ही तीनदा काढल्या आणि तीनदा घातल्या. दुसऱ्यांदा काढताना डोळ्यातून घळाघळा पाणी आलं, तेव्हा वडील उठून उभे राहिले. मावशींनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर गाडीत जाऊन बसा बघू. तिथे खरा ब्रेक आहे."

ते गेले. जाताना दार मात्र त्यांनी इतकं घट्ट ओढलं, की नर्सला ते उघडायला खांदा लावावा लागला.

सोमवारी मुलगी डोळे दाखवायला आली ती एकटीच. वरचा ओठ सुजून टम्म झाला होता.

"अगं बाई! डोळे?" मावशींनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडात वळवला. दोन्ही डोळे स्वच्छ होते.

"डोळे मस्त. शनिवारी घरी आल्या आल्या काढल्या, हात धुऊन. काल एक डोळा चुरचुरत होता म्हणून घातल्याच नाहीत."

"आणि निवड?"

"झाली! दोन नंबरची गोलकीपर."

"मग हा ओठ?"

"चेंडू."

"मान नाही वळवलीस?"

"कशाला वळवू?" सुजलेल्या ओठाने तिला नीट हसताही येत नव्हतं. "शेवटपर्यंत दिसत होता ना."