दुपारचा जाळ

बिस्मिल्लाबीशी हुज्जत घालायची तर माणसानं पोटभर जेवून जावं, असं भिंगारमध्ये म्हणत. त्रेचाळीस साली, ऐन लढाईत, छावणीला पाव पुरवणारे ठेकेदार काकासाहेब मात्र उपाशीपोटीच आले.

नवरा गेल्यापासून पावाची भट्टी बाईच चालवत होती. मैदा ठेकेदाराचा, सरपण आणि मेहनत तिची, भाजणावळ पावामागे ठरलेली. छावणीत पलटणी वाढल्या तशी काकासाहेबांनी मागणी दुप्पट केली. आठवडाभर तिनं ती भागवली आणि मग वाढीव पावांना जादा दर मागितला.

"जादा?" काकासाहेब हसले. "अहो बिस्मिल्लाबी, माल वाढला की दर उतरतो. बाजारात कुणालाही विचारा!"

"उतरतो की! सकाळी गार भट्टी तापवायलाच ढीगभर सरपण जातं. पावांचा पहिला पत्रा लई महाग. मग विटा तापल्या की पुढचे पत्रे फुकटात भाजल्यागत निघत्यात. पण दुपारी विटा निवत्यात, शेट. परत जाळ घाला. वखारीत तवर ओली बाभूळ उरलेली, नुसता धूर. तिकडं पीठ आंबतं. ह्या दिलावरचे हात चालत न्हाईत, म्हून बाहेरचा गडी ठेवा. त्यो पाव जाळतो. जळका पाव तुमी घेता व्हय?"

पीठ मळणारा दिलावर, तिचा दीर, लगेच मनगटं चोळू लागला. नाटकात त्याला कुणी घेतलं नव्हतं, हे नाटकवाल्यांचं नशीब.

"सगळ्या पावांची सरासरी काढा की. परवडतंच तुम्हाला."

"म्हंजे सकाळच्या पावांनी कमवायचं आन् दुपारच्यांनी खाऊन टाकायचं? आता परतेक जादा पत्रा आदल्यापरीस महाग पडतोय. त्याचा दर त्यानंच आणायचा."

"मग सगळंच काम दुसरीकडं देतो."

"भाभी, जरा सबुरीनं..." दिलावर पुटपुटला. छावणीचं काम गेलं तर घर कशावर चालणार, हे तिला त्याच्याआधी कळत होतं. ती उठली. वाढीव मैद्याची पोती एकेक करून ओढत तिनं रस्त्यावर नेली. नेहमीच्या पोत्यांना हात लावला नाही.

"ही न्या. आतली न्यायची तर तीबी न्या. पन जुन्या दरात दुपारचा जाळ ह्या भट्टीत पेटनार न्हाई."

काकासाहेबांनी टांगा बोलावला. रस्त्यावरची पोती चढली. आतल्या पोत्यांकडे बघत ते बराच वेळ मिशी कुरवाळत राहिले. इतर भट्ट्यांच्या विटाही दुपारी निवतच असणार!

"सकाळचे पाव वेळेवर द्या," टांग्यात बसता बसता ते म्हणाले.

"तुमचा मानूस येळेवर धाडा," बाई म्हणाली आणि दिलावरकडे वळली. "काय बघतूस? उद्यापास्नं पयल्याइतकंच पीठ भिजव."