गुप्तहेराचा बिननंबरचा चष्मा

गेली काही वर्षं मी एका साप्ताहिकात रहस्यकथा लिहितो. त्यातला गुप्तहेर वयाने कोवळा आणि चेहऱ्याने त्याहून कोवळा. लोक त्याला मोजेनात, म्हणून मी त्याला जाड काळ्या काड्यांचा चष्मा दिला. डोळे ठणठणीत, काचा साध्या. तो चष्मा चढवतो आणि साक्षीदार आपोआप ‘साहेब’ म्हणायला लागतात. वाचकांना ही लकब फार आवडली. मलाही माझ्या कल्पकतेचं कौतुक वाटायचं.

कल्पकता कसली, ती ताईची नक्कल होती. ताई एकविसाव्या वर्षी रामदासपेठेतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना गणित शिकवायला लागली. पहिल्याच दिवशी एका पालकाने तिलाच विचारलं, मॅडम कुठे आहेत म्हणून. त्या संध्याकाळी मला गाडीवर मागे बसवून ती महाल भागातल्या चष्म्याच्या दुकानात गेली आणि साध्या काचांचा चष्मा घेऊन आली. घरी बोलायचं नाही, अशी मला तंबी होती. आठवडाभरात मुलं तिला घाबरायला लागली.

आता ताई मौद्याला असते. भाऊजी तिथल्या वीज केंद्रात आहेत. ती माझं लिखाण वाचत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. एका रविवारी तिचा फोन आला. आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, उन्हाची झाली, आणि मग ती शांतपणे म्हणाली, “काहून गा, माह्या चष्म्यावर किती दिवस नाव कमावून राहिला तू?”

पात्र काल्पनिक आहे वगैरे मी सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला अपराध्यासारखं झालं. पुढच्याच कथेत मी गुप्तहेराचा चष्मा रेल्वे स्टेशनवर हरवून टाकला.

अंक निघाला त्याच दिवशी पुन्हा फोन. या वेळी ती खरोखर चिडली होती. चष्म्याशिवाय तो पोरगा बावळट दिसतो, असं तिचं म्हणणं. शिवाय आधीच्या कथांतही माझ्या चुकाच होत्या.

“तुहा गुप्तहेर चष्मा काढून कोणाच्याही हाती देते. साधी काच लगेच पकडल्या जाते गा. मी कधीच कोणाले हात लावू दिला नाही.”

मी कागद ओढला आणि ती सांगेल ते लिहून घेतलं. पुढच्या कथेत चष्मा सापडला.

तेव्हापासून प्रत्येक कथा आधी मौद्याला जाते. मागच्या महिन्यात मी स्वतःच घेऊन गेलो, तर ताई कागद हातभर लांब धरून वाचत होती. आता खरा चष्मा का घेत नाहीस, असं मी विचारलं.

“म्हातारी दिसते मी त्यात,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या पानावर खुनी एकाच वेळी दोन गावांत असल्याचं मला दाखवून दिलं.